बादलीची सावली

१२ फेब्रुवारी

प्रोफेसरसाहेब,

पत्र मिळालं. वर विद्यापीठाचा शिक्का, जावक क्रमांक, खाली दोन सह्या, आणि सुरुवातीला ‘महोदया’. अकरा वर्षांनी सख्ख्या भावाचं पत्र येतं आणि त्यात मी महोदया. दारात कुणी मोठी बाई उभी आहे की काय, ते मी आधी जाऊन बघून आले.

तर महोदयेला समजलं ते असं. तुमच्या कोठारातला पाइप फुटला आणि आपल्या आप्पांनी नाटकांसाठी रंगवलेला गल्लीचा पडदा भिजला. खालचा हातभर रंग वाहून गेला. दोन एप्रिलला पाहणी समिती येणार आहे. तिनं हो म्हटलं तर तुमचं ते रंगभूमी आणि सांस्कृतिक उद्योग संशोधन केंद्र कायमचं होणार आणि तुम्ही त्याचे संचालक. समितीला मूळ पडदा डोळ्यांनी बघायचा आहे, कारण तुमचं सगळं संशोधन त्या एका पडद्यावर उभं आहे. आणि सरसात कालवलेला रंग कसा लावायचा हे येणारं माणूस आता शोधून सापडत नाही. म्हणून महोदया.

पडद्यावरची बादली शाबूत आहे का, हे पत्रात तीनदा विचारलंयत. माझी तब्येत एकदाही नाही. असो.

मी येते. राग वगैरे काही नाही माझ्या मनात. राग धरून बसायला मला वेळ कुठे होता? शाळांच्या नाटकांचे पडदे, दुकानांच्या पाट्या, फोटो स्टुडिओतल्या बागा आणि धबधबे, मिळेल ते रंगवत होते. अटी एवढ्याच, की सरस मी माझा आणीन, पडदा फरशीवर पूर्ण पसरता आला पाहिजे, आणि मी काम करत असताना बूट घालून कुणी आत यायचं नाही. संचालकांनीसुद्धा नाही.

आणि फोन करू नका. फोनवर तुम्ही मध्येच बोलता आणि माझं म्हणणं तोंडातच राहतं. पत्रात तुम्हाला मध्ये बोलता येत नाही. तुमची कुणी संशोधक विद्यार्थिनी कार्यशाळेत रोज येणार आहे म्हणता, तिच्या हाती देत जाईन.

आपली,
महोदया

२० फेब्रुवारी

टिल्ल्या,

पुरे झालं ते अहो-जाहो. सहा वर्षांनी मोठी आहे मी तुझ्यापेक्षा, तुझं नाक पुसलंय.

पडदा पसरला. तू म्हणतोस तेवढं नुकसान नाही. मधला दिव्याचा खांब, दोन्ही बाजूंची घरं, उजवीकडचं बाकडं, सगळं जागच्या जागी आहे. डावीकडे पायरीजवळची तुझी लाडकी बादलीही आहे. फक्त खालची फरसबंदी गेली. पहिले चार दिवस मी नुसता सरस शिजवला आणि कापडाच्या तुकड्यांवर रंग लावून वाळत टाकले. ओला असताना गडद दिसणारा रंग वाळला की फिका पडतो, त्यामुळे आज लावलेलं उद्या कळतं. ती मुलगी विचारत होती की याचं काही कोष्टक आहे का. मी म्हटलं, कोष्टक इथे आहे, आणि कपाळावर बोट ठेवलं. तिनं तेसुद्धा लिहून घेतलं.

पोरगी चांगली आहे. तिनं मला तुझं पुस्तक आणून दिलं. सात वर्षं झाली म्हणे छापून, आणि मी आज बघतेय. सगळं वाचलं. ऋणनिर्देशात शेवटून दुसऱ्या ओळीत मी आहे. ‘मुलाखतींच्या काळात चहापाण्याची व्यवस्था पाहणारी माझी बहीण.’ चहा मी करायचे हे खरं आहे. साखर जास्त घालायचे, तू तेव्हाही तक्रार करायचास.

प्रस्तावनेत तू लिहिलंयस की आप्पा रंगांची मापं पडद्याच्या पाठीवर लिहून ठेवत, त्या त्या जागेच्या बरोबर मागे, तेलरंगानं, म्हणजे पाण्यानं जाऊ नयेत. बरोबर. मग म्हणतोस, अर्ध्या शब्दांतली, शिरोरेषा नसलेली ती टिपणं वाचू शकणारा आज जगात मी एकटाच आहे. जगात! मी नवव्या वर्षापासून ते अक्षर वाचून रंग कालवत होते, टिल्ल्या. तू तेव्हा तीन वर्षांचा होतास आणि निळ्याच्या डब्यात हात घालायचास.

आता तो दोन दिव्यांचा सिद्धान्त. गल्लीतल्या सगळ्या सावल्या खांबावरच्या दिव्यापासून लांब जातात आणि एकट्या बादलीची सावली दिव्याकडे जाते. का? तर तू म्हणतोस, आप्पांनी मुद्दाम एक न दिसणारा दिवा प्रेक्षागृहात ठेवला. प्रेक्षक हाच दुसरा दिवा. एकोणतीस पानं लिहिलीस त्यावर. परदेशातल्या दोन विद्वानांनी त्यावर आणखी लिहिलं. मी वाचत होते आणि मला हसू आवरत नव्हतं, त्या मुलीला वाटलं मला ठसका लागलाय. तुला माहीत आहे ती सावली कुणाची आहे. स्वयंपाकघरात आप्पा किती वेळा सांगायचे आणि आपण तिघं किती हसायचो.

पाचवं प्रकरण मात्र हसण्यासारखं नाही. ‘उत्तरकालीन शैली’. अखेरच्या चौदा वर्षांत आप्पांचा हात मोकळा झाला, फटकारे रुंद झाले, सावल्या धीट झाल्या. छान लिहिलंयस, खोटं बोलत नाही. इतकं कौतुक माझ्या तोंडावर कुणी केलं नव्हतं. पण त्या चौदा वर्षांत आप्पांजवळ कोण होतं आणि शिकायला बाहेर कोण होतं, हे मी इथे लिहीत नाही. पत्र दुसऱ्याच्या हाती देतेय. आप्पांना शब्द दिला होता, तो अजून पाळतेय.

ताई

५ मार्च

टिल्ल्या,

पडद्याला मागून अस्तर तू लावलंस, असं ती मुलगी सांगत होती. पुस्तक छापून झालं त्याच वर्षी, पडदा जपण्यासाठी. जाडजूड कापड, चारी कडांनी बारीक शिवण. आप्पांची सगळी टिपणं त्याच्याखाली. जपणं कसलं रे, भिजल्यावर त्याच अस्तरानं ओल धरून ठेवली. कोपऱ्यात बुरशी आली आहे. काढावं लागेल, एवढंच मी कळवलं, तर दिवसभरात तुझे तीन निरोप. काढायचं नाही. वरूनच वाळवा. काढलंच तर माझ्यासमोर, आणि मला एप्रिलपर्यंत वेळ नाही. मला मापं तोंडपाठ आहेत, पाठ बघायची गरज नाही, हे तू आधीपासून धरून चाललास वाटतं.

तिसऱ्या निरोपाबरोबर तुझी चिठ्ठीही आली. तिच्यात दोन गोष्टी आहेत. एक, आप्पांच्या नावाला धक्का लागेल असं त्या मुलीशी काही बोलायचं नाही. बोलले नाही. आप्पांचं नाव मी तुझ्याआधीपासून सांभाळतेय.

दुसरी, ‘आप्पा गेले तेव्हा तू मला कळवलं नाहीस, आता कसला हक्क सांगतेस?’

बरं, सांगते. फोन बंद नव्हता. शेवटचे तीन दिवस आप्पा तुझाच जप करत होते. मी त्यांना भरवायचे, कूस बदलायचे, आणि ते विचारायचे, टिल्ल्या आला का? मी म्हणायचे, निघालाय. फोन हातात घ्यायचे आणि ठेवून द्यायचे. मला वाटलं, तू आलास की त्यांना दुसरं कुणी दिसायचंच नाही. तोवर एकदा तरी त्यांनी थोरली म्हणून हाक मारावी. एकदा. त्यांनी मारली नाही. चौथ्या दिवशी ते गेले, मग मी तुला फोन केला, आणि तू पोचलास तेव्हा सगळं आटोपलं होतं. दारात उभा राहून तू मला विचारलंस आणि मी म्हटलं, लाइन लागत नव्हती.

हे माझं पाप आहे. कुणाच्या हाती पत्र पडलं तरी चालेल, कबूल करते. तू मला त्यासाठी काय वाटेल ते बोल, मी मान खाली घालून ऐकून घेईन. पण त्याची शिक्षा म्हणून तू मला पुस्तकातून काढून टाकलंस, की तुझ्या सोयीचं होतं म्हणून काढलंस, एवढं मला कळलं पाहिजे. पहिलं असेल तर आपली फिट्टंफाट झाली. मी फरशी रंगवून देईन आणि गुमान घरी जाईन.

ताई

१९ मार्च

टिल्ल्या,

चौदा दिवस झाले, उत्तर नाही. व्यग्र असशील.

फरसबंदी झाली. आजचा रंग आणि तेव्हाचा रंग यांचा जोड कुठे आहे ते तुला भिंग घेऊनही सापडणार नाही. अस्तराची काळजी करू नकोस. बुरशी वरूनच पुसली, ओल वरूनच वाळवली, आणि अस्तर जागच्या जागी आहे. तू म्हणशील तसं.

एक मागणं आहे. पडद्याशेजारी पाटी लावणार आहात, तिच्यावर लिही, ‘रंग : आप्पा आणि त्यांची थोरली मुलगी’. उत्तरकालीन वगैरे काही नको, चौदा वर्षंही नकोत. तो शब्द मी मोडत नाही. नुसती मुलगी. वडिलांच्या हाताखाली मुलीनं रंग लावला, एवढ्यानं कुणाचं नाव जात नाही.

ताई

२७ मार्च

प्रोफेसरसाहेब,

पाटीचा मसुदा मिळाला. ‘संवर्धन साहाय्य : विद्यापीठ कार्यशाळा.’ सोबतची चिठ्ठीही. ‘संशोधनात पुराव्याशिवाय नाव घालता येत नाही. भावना मी समजू शकतो.’

पटलं. पुरावा पाहिजेच.

ताई

२ एप्रिल, सकाळ

टिल्ल्या,

भाषण शोधू नकोस. याच फाइलमध्ये आहे, या पत्राच्या खाली. आधी हे वाच. समोर समिती बसली आहे, तेव्हा चेहरा सरळ ठेव आणि टिपणं चाळतोय असं दाखव, ते तुला जमतं. तू माइकपाशी पोचलास की दर्शनी पडदा उघडायचा, हे तूच ठरवलंस. पडदे ओढणाऱ्या सुताराला मी चहाला पाठवलंय आणि दोरी माझ्या हातात आहे. म्हणजे एव्हाना उघडला.

मागे बघू नकोस इतक्यात.

मी इथे कशाला आले होते ते सांगते. बादली पुसायला आले होते. ‘महोदया’ वाचलं त्याच क्षणी ठरवलं होतं. सरसातला रंग, ओल्या बोळ्याचा एक हात फिरवला की सावली गेली, आणि कोरड्या हातानं दुसऱ्या बाजूला बरोबर काढून द्यायची. मग समिती आली असती आणि तुझा दुसरा दिवा शोधत बसली असती. पहिल्या आठवड्यात मी बोळा भिजवून दोनदा तिथवर गेले होते. म्हटलं, घाई कशाला, शेवटच्या दिवशी करू. तू तोंडघशी पडताना बघायला मिळावं, एवढीच इच्छा होती.

आणि तुझे ते तीन निरोप आले. अस्तर काढायचं नाही, काढायचं नाही, काढायचं नाही. तू एकदाच म्हणाला असतास तर मी खरंच काढलं नसतं.

पाच तारखेचं पत्र त्या मुलीच्या हाती दिलं, दार लावून घेतलं आणि अस्तर उसवलं. मापं जागच्या जागी होती. घरांच्या मागे घरांची, खांबाच्या मागे खांबाचं. वर आकाशाच्या मागे मी कधीच बघायला जायचे नाही, कारण निळं मला झोपेतही कालवता येतं. आप्पांना हे माहीत होतं. आकाशामागे एवढं कापड मोकळं, तिथे त्यांनी लिहून ठेवलं होतं. चार बोटं उंच अक्षर, त्यांचं ते अर्ध्या शब्दांचं. पुरं करून सांगायचं तर असं :

‘बादलीची सावली थोरलीनं काढली. वय अकरा. दिव्याकडे गेली आहे. दर साली रंग द्यावा, बाजू बदलू नये. तिची आहे.’

त्याच्या खाली, वेगळ्या साली, वाकड्यातिकड्या हातानं :

‘माझा हात थरथरतो. या सालापासून सबंध पडदा थोरली रंगवते. लोक मला शाबासकी देतात. मी तिला गप्प बसवलं आहे. समोर सांगायचं धाडस नाही, म्हणून पाठीवर लिहितो.’

आणि त्याच्या खाली चौदा सालं. प्रत्येक सालापुढे एकच शब्द. थोरली. शेवटचा तर नीट लागतसुद्धा नाही, इतका हात हलला आहे. दरवर्षी पडदा टांगून झाला की आप्पा मापं लिहायला मागे जायचे आणि मी तोवर नळावर ब्रश धूत बसलेली असायचे.

मी तिथे फरशीवर बसून रडले, टिल्ल्या. तीन दिवस त्यांनी मला हाक मारली नाही म्हणून मी तुला फोन केला नव्हता. चौदा वर्षं ते लिहीत होते आणि मला पत्ता नव्हता.

मग डोळे पुसले आणि तुझं पुस्तक काढलं. पान एकशे त्रेचाळीस, पडद्याच्या पाठीचा फोटो. ‘रंगांची टिपणे.’ घरं आहेत, खांब आहे, आकाश नाही. फोटो वरून कापलास. पण घाईत कापलास. कडेला शेवटच्या ओळीतल्या अक्षरांचे पाय राहिलेत, चौदाव्या थोरलीचे. ते अक्षर वाचू शकणारा जगात तू एकटाच, म्हणजे तू वाचलंस. वाचलंस, कापलंस, आणि वर अस्तर शिवून घेतलंस. मला विचारायचं होतं ना, शिक्षा की सोय? उत्तर मला मिळालं. तरी मी दोन आठवडे तुझ्या चिठ्ठीची वाट बघितली, आणि पाटीवर एक ओळ मागितली. ती ओळ तू दिली असतीस तर मी अस्तर पक्कं शिवून घरी गेले असते आणि हे कुणाला कधी कळलं नसतं. मी स्वतःला ओळखते, गेले असते.

तू पुरावा मागितलास.

काल तू मागे जाऊन अस्तरावर हात फिरवून बघितलास, मी विंगेत स्टुलावर बसून बघत होते. समाधान झालं तुझं. कच्चे टाके होते ते. आज सकाळी एक दोरा ओढला आणि सबंध अस्तर खाली आलं. मग सुताराला म्हटलं, पडदा फिरवून टांगायचाय. तो म्हणाला, ताई, पाठ लोकांकडे? मी म्हटलं, हो, समिती संशोधन बघायला आली आहे. आकाशावर दोन दिवे जास्तीचे सोडायला सांगितलेत.

बादलीला मी हात लावलेला नाही. ती पलीकडच्या बाजूला जशीच्या तशी आहे. तुझा सिद्धान्त माझ्याकडून पुसला जाणार नाही. आप्पांनी सांगितलंय, बाजू बदलू नये.

आता लोक कुजबुजत असतील. पहिल्या रांगेतल्या बाई चष्मा वर करून बघत असतील. अक्षर त्यांना लागणार नाही, कुणालाच लागणार नाही, तुझ्या त्या मुलीलासुद्धा नाही. तिला मी अजून काही सांगितलेलं नाही. एवढंच सांगितलंय, की सर थांबले तर पहिला प्रश्न तू विचार. हुशार आहे ती, हात वर केला असेल. वर काय लिहिलंय, सर?

मी पडद्याच्या कडेला उभी आहे, दोरीपाशी. मला ऐकू येतं इथून. काही चुकवलंस, गाळलंस, तर मी पुढे येऊन दुरुस्त करीन. जगात दोन माणसांना ते अक्षर येतं.

आता वळ. वरच्या ओळीपासून सुरू कर, आणि माइकमध्ये वाच.

थोरली